देऊळ नसलेलं बेट: नूमेनोर आणि त्याचे न येणारे देव

नेहमीप्रमाणे हा ऑडिओ भागाचा लेखी मजकूर, ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तितके काढलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात एका श्रोत्याने मेल केला होता. प्रश्न एका ओळीचा. टॉल्किनच्या एवढ्या मोठ्या जगात देवळं का नाहीत? राजे आहेत, किल्ले आहेत, भाषा तर किती आहेत, पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये कोणी पूजा करताना दिसत नाही. पुजारी नाही, घंटा नाही, प्रसाद नाही. मी उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की हे मेलमध्ये मावणारं प्रकरण नाही. कारण त्या जगात एक मोठं देऊळ खरंच बांधलं गेलं होतं. आणि ते बांधणाऱ्यांचं बेट नंतर समुद्रात बुडालं.

तर आजचा विषय नूमेनोर. २०२२ साली आलेल्या 'द रिंग्ज ऑफ पॉवर' मालिकेमुळे हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलंय. पण मी मालिकेबद्दल बोलत नाहीये, मूळ मजकुराबद्दल बोलतोय. म्हणजे १९७७ साली, टॉल्किन गेल्यावर चार वर्षांनी, मुलगा ख्रिस्तोफरने संपादित केलेल्या 'द सिल्मरिलियन'मधला 'अकल्लाबेथ' हा भाग, आणि १९८० च्या 'अन्फिनिश्ड टेल्स'मधली बेटाची माहिती. पुस्तकं वाचली नसतील तरी चालेल, लागेल तेवढं सांगतो.

आधी थोडी ओळख. या जगात एकच निर्माता आहे, एरू किंवा इलूवतार. त्याच्या खाली 'वालार' आहेत. ढोबळमानाने त्यांना देव म्हणू. टॉल्किन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, त्यामुळे तो हा शब्द जपून वापरतो, आपण एवढं जपत नाही. वालारांचा मुख्य मान्वे. ते सगळे पश्चिमेला, समुद्रापलीकडे राहतात. तिथेच एल्फ लोकही आहेत, ज्यांना मरण नाही. माणसांना आहे. पूर्वी एका मोठ्या युद्धात काही माणसं वालारांच्या बाजूने लढली. त्याचं बक्षीस म्हणून समुद्रातून एक बेट वर काढून त्यांना दिलं गेलं, ते हे नूमेनोर. पाच टोकांच्या चांदणीसारखं. मधला भाग सुमारे अडीचशे मैल रुंद, आणि प्रत्येक टोक सुमारे शंभर मैल रुंद. म्हणजे एकेक टोक रुंदीलाच मुंबई-पुणे एवढं.

बक्षिसात आयुष्यही मिळालं. पहिला राजा एल्रॉस पाचशे वर्षं जगला. साध्या माणसांनाही इतरांच्या कितीतरी पट आयुष्य. पण मरण होतंच. ते काढून घेणं वालारांच्या हातात नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड इथून सुरू होते.

आणि एक अट होती. पश्चिमेला इतकं लांब जायचं नाही की आपल्या बेटाचा किनारा दिसेनासा होईल. बाकी समुद्र मोकळा. पूर्वेला जा, दक्षिणेला जा, कुठेही जा.

आता मी प्रोग्रॅमर आहे त्यामुळे माझं डोकं तसंच चालतं. ही अट म्हणजे कोडमधली ती एक ओळ, जिच्यावर कोणी कमेंट लिहिलेली नाही. 'यापुढे जाऊ नका.' का? माहीत नाही, लिहिणारा टीम सोडून गेला. टॉल्किन स्पष्ट लिहितो की अटीमागचा हेतू बेटावरच्या लोकांना पुरता कळलेला नव्हता. हेतू चांगला होता, की अमरांचा देश बघून या माणसांना आपल्या मरणाचा जाच वाटू नये. पण तो सांगितला नाही. आमच्या धंद्यात अशा ओळीचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पहिली तीन-चार वर्षं सगळे तिला घाबरतात. मग कोणीतरी नवीन येतो आणि ती काढून टाकतो.

पण सुरुवातीची कित्येक शतकं हे लोक सुखात होते, आणि त्यांचा धर्म काय होता ते बघण्यासारखं आहे. बेटाच्या मध्यभागी एक पर्वत, मेनेल्टार्मा, म्हणजे आकाशाचा खांब. त्याच्या माथ्यावर एरूसाठी राखलेली जागा. छप्पर नाही, भिंत नाही, मूर्ती नाही. तिथे हत्यार किंवा अवजार न्यायचं नाही, आणि बोलायचंही नाही. वर्षातून तीनदा राजा वर जायचा, वसंतात, ऐन उन्हाळ्यात आणि शरद संपताना. मागे सगळी प्रजा चालत, पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात फुलांच्या माळा, आणि एक शब्द नाही. आपल्या कुठल्याही जत्रेशी तुलना करून बघा. इतकी माणसं डोंगर चढतायत आणि ढोल नाही, गजर नाही, फक्त पायांचा आवाज. वर पोचल्यावर एकटा राजा प्रार्थनेचे शब्द बोलणार. बस्स.

आणि उत्तर? उत्तर काही यायचं नाही. तीन गरुड यायचे आणि आकाशात दिसायचे. लोक त्यांना मान्वेचे साक्षीदार म्हणायचे. हवा स्वच्छ असेल तर तीक्ष्ण नजरेच्या माणसाला त्या माथ्यावरून पश्चिमेला, खूप लांब, एल्फांच्या बेटावरचं पांढरं शहर आणि मनोरा दिसायचा. म्हणजे देव नाहीच दिसले, देवांच्या शेजाऱ्यांचं बंदर दिसलं.

मला ही व्यवस्था वाचताना पहिल्यांदा गंमत वाटली, मग जरा भीतीही. कारण इथे देवांचं न येणं हा अपघात नाही, पूर्ण धर्म त्यावरच उभा आहे. मेसेज पाठवा, पोचपावतीची वाट बघू नका.

समुद्राशी मात्र त्यांचं नातं एवढं शांत नव्हतं. तिथे ते बोलके होते. समुद्राची देवी ऊइनेन, तिला खलाशी फार मानायचे. सहावा राजा आल्दारिओन राजपुत्र असतानाच साहसी खलाशांचा एक संघ काढतो, आणि त्या संघाची कचेरी कुठे, तर एका जहाजावरच. जहाज निघायच्या आधी कप्तानाच्या नात्यातल्या बाईने नाळेवर ओइओलाइरे नावाच्या झाडाची हिरवी फांदी बांधायची, सुखरूप परत यावं म्हणून. झाड मूळ एल्फांच्या बेटावरचं, न सुकणारं. (नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या काढणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.) एकदा आल्दारिओनवर चिडलेल्या बापाने फांदी नाकारली, घरातल्या बायकांनाही मना केलं. तेव्हा एरेन्डिस नावाची मुलगी ती फांदी घेऊन धक्क्यावर आली. पुढे दोघांचं लग्न झालं आणि ते लग्न समुद्रानेच मोडलं. तो सारखा जहाजांवर, जहाजांसाठी तिची लाडकी जंगलं तोडणार, आणि ती घरी. टॉल्किनने इतक्या बारकाईने लिहिलेला संसार दुसरा कुठला मला आठवत नाही. एरेन्डिसचा शेवट पाण्यातच झाला. हा सगळा किस्सा वेगळ्या भागाचा आहे, मी इथे थांबतो, नाहीतर भरकटेन.

मुद्दा हा की माणसं जितकी लांब जाऊ लागली, जितकी श्रीमंत झाली, तितकं त्यांना मरण खुपायला लागलं. सुरुवातीच्या राजांची एक रीत होती. आयुष्य पुरं झालं असं वाटलं की गादी मुलाकडे द्यायची आणि आपणहून, शांतपणे जायचं. आपल्याला लगेच आळंदी आठवते, पण तसं नाही, इथे योगसाधना वगैरे नाही. त्यांना मिळालेल्या देणगीचाच तो भाग होता. झोप यावी तसं मरण यायचं. ही रीत मोडली तेराव्या राजाने, तार-आतानामीरने. तो गादीला चिकटून राहिला, शरीर गेलं, बुद्धी गेली, तरी सोडेना. त्याच्यानंतर ते नेहमीचंच झालं.

याच आतानामीरकडे मान्वेने दूत पाठवले होते. हा संवाद मी किती वेळा वाचलाय सांगता येणार नाही. राजाची तक्रार सरळ आहे. एल्फांनी काय असं केलं की ते मरत नाहीत, आणि आम्ही काय वाईट केलं? दूत समजावतात. मरण ही शिक्षा नाही, ती इलूवतारची देणगी आहे. अमरांच्या देशात गेलात म्हणून अमर होणार नाही, उलट लवकर संपाल. मग राजा विचारतो, पण मेल्यावर पुढे काय? आणि इथे दूत जे सांगतात ते मला थक्क करतं. ते कबूल करतात की माणसांसाठी इलूवतारने काय योजलंय ते वालारांनाही ठाऊक नाही. तुमचं घर या जगात नाही एवढंच आम्ही मानतो, विश्वास ठेवा.

म्हणजे देवांचं अधिकृत उत्तर 'माहीत नाही' असं आहे!

इथे जरा घरचं सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये हा भाग ठेवावा की नाही यावर माझी आणि माझ्या मित्राची, जो एडिटिंग करतो, बरीच वादावादी झाली. ठेवला.

माझे आजोबा गेले तेव्हा शेवटचे काही दिवस हॉस्पिटलमध्ये होते. डॉक्टर बाई तरुण होत्या, फार चांगल्या. बाबा रोज विचारायचे, "मॅडम, किती दिवस? सुधारतील ना?" आणि त्या रोज म्हणायच्या, "काका, खरं सांगू का, नक्की नाही सांगता येणार." आजोबा स्वतः एकदा शुद्धीवर असताना मला म्हणाले होते, "पुरे झालं रे आता." मी ते बाबांना सांगितलं नाही. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ओळखीतून एक गृहस्थ आला. पांढरे कपडे, हातात पिशवी. खुर्चीवर बसला, बाबांचा हात हातात घेतला, आणि म्हणाला, "शंभर टक्के उठून बसणार. मी सांगतो ना." पुड्या होत्या कसल्यातरी. चाळीस हजार घेतले. माझे बाबा काही भोळे नाहीत, आयुष्यभर गणित शिकवलंय त्यांनी. पण त्या आठवड्यात त्यांच्याशी खात्रीने बोलणारा तो एकच माणूस होता.

आजोबा त्यानंतर तीन दिवसांनी गेले.

तर नूमेनोरमध्ये तो पांढऱ्या कपड्यातला गृहस्थ म्हणजे सॉरॉन.

मधला इतिहास झटपट सांगतो. बेटावर दोन तट पडले, राजाची माणसं आणि एल्फांशी इमान राखणारी माणसं. राजांनी एल्फ भाषेतली नावं टाकली, पुढे ती भाषाच बंद केली. मेनेल्टार्माच्या माथ्यावर कोणी जाईनासं झालं. मग एक राजा आला तार-पालान्तिर, ज्याला मनापासून पश्चात्ताप झाला. तो पुन्हा पर्वत चढायला लागला. पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका जुन्या मनोऱ्यावर चढून तो समुद्राकडे बघत बसायचा, एखादं शीड दिसेल म्हणून. पूर्वी एल्फांची जहाजं यायची ना, तसं. एकही आलं नाही. त्याच्या आधीच्यांनी जे केलं त्याचा राग अजून गेलेला नव्हता, आणि बहुतेक प्रजेला पश्चात्ताप झालाच नव्हता.

मला या ठिकाणी वालारांचा खरंच राग येतो. अनेक वाचक म्हणतात की माणसांनी अट मोडली, भोगा फळं. पण हा एक माणूस तर वाट बघत होता. एक जहाज पाठवायला काय जात होतं? लॉगमध्ये एरर लिहून ठेवायचा आणि समोरच्याला काहीच दाखवायचं नाही, ही वाईट सिस्टीम आहे. असो.

तो गेल्यावर पुतण्याने त्याच्या मुलीची, मीरिएलची, गादी बळकावली आणि तिच्याशी जबरदस्तीने लग्न केलं. हा आर-फाराझोन, शेवटचा राजा. दुसऱ्या युगाच्या ३२६१ साली तो प्रचंड आरमार घेऊन मध्य-भूमीवर गेला आणि पुढच्या वर्षी सॉरॉनला कैद करून बेटावर घेऊन आला. सॉरॉन मुकाट आला, कारण ताकदीने जिंकता येणार नाही हे त्याला दिसलं. तीन वर्षांच्या आत तो राजाचा सगळ्यात जवळचा सल्लागार झाला.

आणि त्याने केलं काय? उत्तरं दिली. एरूला कोणी पाहिलंय? ते वालारांनी तुम्हाला दाबून ठेवायला रचलेलं नाव आहे. खरा स्वामी मेल्कोर, अंधाराचा मालक, तो तुम्हाला मरणातून सोडवेल. बघा, हा युक्तिवाद किती सोपा आहे. जिथे हजारो वर्षं फक्त गप्प राहणं होतं, तिथे कोणीतरी येऊन बोलतोय, विचारलं की लगेच सांगतोय.

मग देऊळ झालं. राजधानी आर्मेनेलोसमध्ये, गोल, पाचशे फूट रुंद, पाचशे फूट उंच, भिंती पन्नास फूट जाड, वर चांदीचा घुमट. पाचशे फूट म्हणजे आजची पन्नासेक मजल्यांची इमारत. वेदीवर पहिला अग्नी पेटवला तो निम्लोथ या पांढऱ्या झाडाच्या लाकडांचा, जे एल्फांकडून आलं होतं. (इसिल्दूरने त्याआधी रात्रीतून त्याचं एक फळ चोरलं आणि मरता मरता वाचला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधलं गोंडोरचं पांढरं झाड त्या फळाच्या वंशातलं.) मग माणसांचे बळी सुरू झाले. मरणातून सुटण्यासाठी. घुमटाची चांदी धुराने काळी पडली.

जे सगळ्यात जास्त लागतं ते हे, की इतकं करूनही मरण थांबलं नाही. उलट लोक लवकर मरायला लागले, वेडाने, आजाराने, आणि मरताना किंचाळत. तरी कोणी म्हणालं नाही की पुड्या बंद करा.

शेवटी शेवटी देवांनी इशारे दिले. संध्याकाळी पश्चिमेकडून गरुडाच्या आकाराचे ढग यायचे, सूर्य झाकून टाकायचे. विजा पडायच्या. एक वीज थेट देवळाच्या घुमटावर पडली, घुमट फुटला, आगीने वेढला गेला. आणि सॉरॉन तिथे वर उभा होता, विजेला आव्हान देत, आणि त्याला काही झालं नाही. तेव्हापासून लोक त्यालाच देव म्हणायला लागले. खऱ्या देवांनी इतक्या शतकांनी तोंड उघडलं, आणि त्याचा फायदा झाला तो समोरच्या दुकानाला!

आमान्दिल नावाचा एक म्हातारा सरदार, इसिल्दूरचा आजा, छोट्या होडीतून तीन नोकर घेऊन रात्री निघाला. आधी पूर्वेला, कोणाला संशय नको म्हणून, आणि मग वळून पश्चिमेला. वालारांपुढे जाऊन माणसांसाठी दया मागायची, अट मोडल्याची शिक्षा मला द्या म्हणायचं. त्याचं पुढे काय झालं ते कोणालाच कळलं नाही. पोचला का, बुडाला का, कोणी ऐकलं का. टॉल्किनने सांगितलेलंच नाही.

३३१९ साली राजाचं आरमार पश्चिमेला निघालं, अमरत्व लुटून आणायला. राजा देवांच्या किनाऱ्यावर उतरला. आणि मान्वेने काय केलं? लढला नाही. वालारांनी जगाचा कारभार खाली ठेवला आणि एरूला हाक मारली. एरूने जगाचा आकारच बदलला. समुद्राला दरी पडली, आरमार त्यात गेलं, राजा आणि किनाऱ्यावर उतरलेली फौज कोसळत्या टेकड्यांखाली गाडली गेली, आणि नूमेनोर बुडालं, लेकराबाळांसकट. राणी मीरिएल शेवटच्या क्षणी मेनेल्टार्माच्या चढावर धावत होती, त्या उघड्या माथ्याकडे. लाट आधी पोचली. नऊ जहाजं तेवढी सुटली, आमान्दिलचा मुलगा एलेन्दिल आणि त्याच्या मुलांची.

टॉल्किनला स्वतःला अशा एका प्रचंड हिरव्या लाटेचं स्वप्न वारंवार पडायचं, ते त्याने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये फारामीरला देऊन टाकलंय. हो, हे अटलांटिसच आहे, तो ते लपवत नाही. बुडालेल्या नूमेनोरला एल्फ भाषेत नाव काय, तर 'अटलान्ते'.

लेकराबाळांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मी टॉल्किनचा चाहता आहे, वकील नाही.

पण या बुडण्यात एक तपशील आहे जो भूगोलात शिरतो. त्याआधी जग सपाट होतं, आणि देवांचा देश त्याच जगात होता. अट असो नसो, जहाजाने जाता येईल असा. त्यानंतर जग गोल झालं आणि तो देश जगाबाहेर काढला गेला. वाचलेल्या लोकांचे खलाशी नंतर कित्येक वर्षं पश्चिमेला जात राहिले. त्यांना वाटायचं की मेनेल्टार्माचं टोक तरी पाण्यावर असेल, तिथून पुन्हा ते लांबचं काही दिसेल. त्यांना नवे देश सापडले, जुन्यांसारखेच, मरणारे. जे सगळ्यात लांब गेले ते पृथ्वीला फेरी मारून निघाल्या जागी परत आले.

आता मूळ प्रश्न, देवळं का नाहीत. कारण वाचलेल्यांनी परत बांधलं नाही. 'टू टॉवर्स'मध्ये फारामीर फ्रोडोला जेवायला बसवतो तो प्रसंग काढून बघा. जेवणाआधी फारामीर आणि त्याची माणसं उठून पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर उभी राहतात. काही म्हणत नाहीत. नंतर तो विचारतो, तुमच्याकडे असं काही करतात का? आणि फ्रोडोला एकदम गावंढळ असल्यासारखं वाटतं. तीन हजार वर्षांनी त्या पर्वतावरच्या यात्रेतलं एवढंच उरलंय.

त्या चाळीस हजारांचा विषय आमच्या घरात निघत नाही. बाबा हा भाग ऐकणार आहेत की नाही माहीत नाही, त्यांना पॉडकास्ट कुठे सापडतो ते अजून जमत नाही. आजोबा जे म्हणाले होते, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आता लिहून ठेवलंय.

पुढच्या वेळी एरेन्डिस आणि आल्दारिओन, कबूल केल्याप्रमाणे. मेल पाठवत राहा, उत्तराला उशीर होतो पण देतो नक्की.